प्रोबायोटिक घेण्याआधी जिवाणूचे नाव विचारा

सातारा असो वा सांगली, जुलाब झाले की औषधांच्या चिठ्ठीवर प्रतिजैविकाच्या जोडीला प्रोबायोटिकची पुडी दिसणे आता नेहमीचे झाले आहे. पोटाला चांगले, एवढ्याच समजुतीवर ती घेतली जाते. या समजुतीला माझा आक्षेप आहे. पुरेशा संख्येने घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. म्हणजे कोणता जिवाणू, किती संख्येने आणि कोणत्या त्रासासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय लाभाची भाषा करता येत नाही. माण-खटावचा शेतकरी शाळूचे बियाणे घेताना वाण विचारतो. तीच चौकसपणाची सवय औषधाच्या दुकानातही हवी.

वाणाला एवढे महत्त्व का, हे पुराव्यांवरूनच कळते. कोलकात्याच्या वस्त्यांमधील एक ते पाच वर्षांच्या ३,७५८ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवडे लॅक्टोबॅसिलस केसी शिरोटा दिल्याने जुलाबाचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. ओडिशाच्या खेड्यांतील साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांच्या २०१७ च्या अभ्यासात लॅक्टोबॅसिलस प्लान्टारमचा एक ठरावीक वाण आणि त्याला पोसणारी शर्करा दिल्यावर जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. याउलट अमेरिका आणि कॅनडातील दोन मोठ्या चाचण्यांत जुलाब-उलट्यांनी आजारी मुलांना इतर वाणांचा काहीच फायदा झाला नाही. हे निष्कर्ष २०१८ चे. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करणे टाळले. एका वाणाचे यश दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही, हाच याचा अर्थ.

पुडीने निदान अपाय तरी होत नाही, असे म्हटले जाते. निरोगी माणसाला सहसा होत नाही, हे खरे. पण इस्रायलमधील २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळचे जिवाणू पूर्ववत व्हायला उलट जास्त वेळ लागला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये सावध केले. शिवाय पुडीवर भिस्त ठेवून जलसंजीवनी आणि झिंक मागे पडले, तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. २०१९ च्या महापुरासारखे संकट कृष्णाकाठी पुन्हा आले, तर पोट सांभाळण्याची पहिली गरज शुद्ध पाण्याचीच असेल.

मग घरच्या दह्या-ताकाचे काय? विरजणात नेमके कोणते जिवाणू किती, हे ठाऊक नसते. म्हणून त्याला औषध म्हणणे चूक. तरी त्याचे मोल कमी होत नाही. दह्यातील जिवंत जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने तपासून मान्य केला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ जणच होते, पण आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली. ताकाची कढी उकळली की हे जिवाणू मरतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ यांतला तंतुमय भाग आतड्यातील जिवाणूंचे खाद्य आहे. दुग्धव्यवसायात मुरलेल्या आणि शाळू पिकवणाऱ्या या पट्ट्यात रोजच्या पचनासाठी महाग बाटलीची गरज नाही.

आजारात ठरावीक प्रोबायोटिक उपयोगी ठरू शकते, म्हणून सरसकट विरोधही योग्य नाही. वेष्टनावर जिवाणूची जात, वाण आणि मुदत संपेपर्यंत टिकणारी संख्या असावी, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. अन्न व औषध प्रशासनाने ते तपासावे, डॉक्टरांनी चिठ्ठीवर कारण लिहावे आणि ग्राहकाने ते विचारावे. उत्तर मिळत नसेल, तर ती पुडी विकत घेऊ नये.