वर्गणी आणि घरपट्टी

शिरूर तालुक्यातील न्हावरे हे गाव घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित आहे. अशा गावांत यात्रेची वर्गणी मागण्यास दारी आलेल्यांना सहसा कोणी विन्मुख पाठवीत नाही. घरपट्टीची मागणी आली, की मात्र तोच गृहस्थ ‘मार्चअखेर पाहू’ म्हणतो. यात कंजूषपणापेक्षा अविश्वास अधिक. वर्गणीचा हिशेब देवळात सर्वांसमक्ष वाचला जातो. घरपट्टीचा पैसा कोठे गेला, हे ग्रामसभेला गेल्याखेरीज कळत नाही, आणि ग्रामसभेला जातो कोण?

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्यत्वास अपात्र ठरतो. त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर इच्छुकांची थकबाकी एका दिवसात फिटते! ऐपत होतीच, निकड तेवढी नव्हती.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने वेगळा मार्ग धरला. भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत तेथे कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत मिळू लागले. याला आमिष म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्या गिरणीत कराचा मोबदला गृहिणीला डोळ्यांनी दिसत होता. गावोगावी यात्रेचा जमाखर्च फलकावर लागतो. त्याच्या शेजारी घरपट्टीचा लावण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.