छपरावरचे आकाश कोणाचे?

वांद्रे पूर्वेला ठाकरे कुटुंबीयांच्या 'मातोश्री' या निवासस्थानाजवळ नोव्हेंबर २०२५ मध्ये एक ड्रोन घिरट्या घालताना दिसला आणि राजकीय वादळ उठले. पॉड टॅक्सी प्रकल्पाच्या सर्वेक्षणासाठी, पोलिसांची परवानगी घेऊनच हे उड्डाण झाले, असा खुलासा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने केला. आरोप-प्रत्यारोपांची धूळ खाली बसली. पण रहिवाशांना आधी का कळवले नाही, हा साधा प्रश्न मात्र तसाच राहिला. माजी मुख्यमंत्र्यांच्या घराबाबत निदान खुलासा तरी तातडीने झाला. सोसायटीतल्या किंवा वाडी-वस्तीवरच्या सामान्य घरमालकाला तो कोण देणार?

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी आल्या. चोरीपूर्वीची टेहळणी असावी, या संशयाने गावोगावी लोकांनी रात्रीची गस्त सुरू केली. मे २०२५ मध्ये पुरंदर विमानतळासाठीच्या ड्रोन सर्वेक्षणाला ग्रामस्थांनी विरोध केला आणि त्याचे पर्यवसान पोलिसांशी झालेल्या संघर्षात झाले. प्रसंग तीन, त्यांची कारणेही निरनिराळी. पण तिन्ही ठिकाणी खालच्या माणसाला वरचे यंत्र कोणाचे आणि ते कशासाठी आले, याचा विश्वासार्ह पत्ता नव्हता.

कायदा याबाबत काय म्हणतो? केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम अधिसूचित केले. या उद्योगाला चालना देणे हा त्यांचा उघड हेतू होता. त्यानुसार 'हिरव्या' क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंतच्या उड्डाणाला सर्वसाधारणपणे पूर्वपरवानगी लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी वैमानिकाचा परवाना लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेखातर उडवणाऱ्यालाही तो लागत नाही. विमानतळांच्या आसपास निर्बंध कडक आहेत आणि मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेशही काढतात. तथापि, या साऱ्या व्यवस्थेत कमाल उंची ठरली आहे, खासगी घरावरून जाताना पाळायची किमान उंची मात्र ठरलेली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या आधीच्या नियमांत छायाचित्रण करताना व्यक्तीचा व तिच्या मालमत्तेचा खासगीपणा जपण्याची अट होती. ऑगस्टच्या नियमांत ती उरली नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव अधिकच खटकते.

जमीन ज्याची, त्याचे आकाशही, हा जुना समज विमानयुगात टिकला नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील एका कुक्कुटपालकाच्या जागेवरून लष्करी विमाने अवघ्या ८३ फुटांवरून जात आणि कोंबड्या घाबरून मरत. 'कॉझ्बी' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने जुना समज मोडीत काढला. मात्र मालकाला प्रत्यक्ष उपभोगता येईल इतका वरचा अवकाश त्याचाच, हेही मान्य केले. या दोन टोकांमधली रेषा नेमकी कोठे ओढायची, हे ठरवणे सोपे नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१५ मध्ये खासगी जागेवर विनापरवानगी ३५० फुटांखाली ड्रोन उडवणे हे अतिक्रमण ठरवणारे विधेयक संमत केले. पण हौशी व व्यावसायिक उडवणाऱ्यांना विनाकारण कोर्टकज्ज्यांत ओढले जाईल, या कारणास्तव गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी ते फेटाळले. पुढच्याच महिन्यात त्यांनी हवेतून शिरून खासगी क्षण टिपण्याला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यावर मात्र स्वाक्षरी केली. म्हणजे उंचीपेक्षा हेतूला महत्त्व मिळाले.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तर केवळ उंचीचे माप अपुरेच पडेल. ४०० फूट म्हणजे साधारण चाळीसावा मजला. तेथे राहणाऱ्याच्या दृष्टीने ड्रोन छपरावरून नव्हे, खिडकीसमोरून जातो. त्यामुळे जमिनीपासूनच्या उंचीइतकेच भिंतीपासूनचे अंतरही ठरायला हवे.

तोवर घरमालकाने काय करावे? संताप कितीही स्वाभाविक असला तरी दगड किंवा बंदूक हे उत्तर नव्हे. अमेरिकेतील केंटकी राज्यात २०१५ मध्ये एकाने घरावर आलेला ड्रोन गोळी घालून पाडला. स्थानिक न्यायाधीशांनी त्याच्यावरील आरोप फेटाळले, पण त्याआधी त्याला अटक झालीच. भारतात असे केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केल्याचा गुन्हा ओढवू शकतो आणि नुकसान लाखाच्या घरात गेले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय कोसळणारे यंत्र कोणाच्या डोक्यावर पडेल, याचा नेम नाही. त्यापेक्षा वेळ व दिशा नोंदवावी, मोबाइलवर चित्रण करावे, ११२ क्रमांकावर कळवावे आणि सोसायटीमार्फत लेखी तक्रार द्यावी. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपल्यास संहितेचे कलम ७७, तर कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचे संमतीविना चित्रण केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई लागू होते. नुसत्या घिरट्यांना, गच्चीच्या वा अंगणाच्या चित्रणाला मात्र ही कलमे पुरेशी पडत नाहीत.

खरी अडचण त्याही आधीची आहे. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध? ड्रोनला मिळणारा ओळख क्रमांक जमिनीवरून वाचता येत नाही. अमेरिकेत मार्च २०२४ पासून बहुतेक ड्रोनना उडताना आपली ओळख प्रक्षेपित करण्याच्या नियमाची अंमलबजावणी सुरू झाली. भारताच्या २०२१ च्या नियमांनी अशी यंत्रणा सक्तीची करण्याचा मार्ग सरकारसाठी खुला ठेवला, इतकेच.

आगाऊ सूचनेचा नमुना तर घरातच आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच होते. पण त्याआधी ग्रामसभेत माहिती दिली जाते आणि मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात. त्या ड्रोनमुळे गावकऱ्याच्या हाती मिळकत पत्रिका येते. म्हणजे लोकांचा विरोध यंत्राला नसून न विचारता, न सांगता होणाऱ्या घुसखोरीला आहे. गावठाणात चुन्याची रेघ ओढून जे साधते, ते महानगरात सोसायटीच्या फलकावर एक सूचना लावून साधता येणार नाही काय?