एका शब्दाला एक अर्थ? हा हट्ट सोडा!

इंग्रजी अवघड का जाते, असे विचारले की आपल्या परभणीकडे ठरलेले उत्तर मिळते. 'एकाच शब्दाचे दहा अर्थ, भाषाच मुलखाची विचित्र!' गुरुजी हेच सांगतात, क्लासवालेही हेच सांगतात आणि पालक मान डोलावतात. मला हे मुळीच मान्य नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाचे ४३० अर्थ दिले होते. पुढे कोशकारांनी 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले. आकडे ऐकून धडकी भरते खरी. पण आपले 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, विहिरीला पाणी लागते, झाडाला आंबे लागतात, बसमध्ये गाडी लागते, आणि खरे बोलले की मिरची लागते! मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशात असल्या शब्दांचे अर्थ किती चिकाटीने गोळा केले, ते जरूर पाहावे. आपल्या पहिलीतल्या पोराला मात्र हे सगळे 'लागणे' कोणी न शिकवता येते.

का येते? कारण त्याने शब्द वाक्यातून उचलला, यादीतून नाही.

इंग्रजीच्या तासाला आपण नेमके उलटे करतो. वहीच्या मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. 'रन' म्हणजे पळणे, करा पाठ! मग मुलाला वाक्य भेटते, त्यात नाक 'रन' होते आणि दुकानही 'रन' होते. आपले नाक गळते, त्यांचे पळते. आपले दुकान चालते, त्यांचे तेही पळते. पोर गोंधळते आणि आपण त्यालाच 'ढ' ठरवतो.

वाक्प्रचारांत तर फसगत ठरलेलीच. इंग्रजीत कुणाचा पाय ओढला तर ती थट्टा होते. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. शब्दाला शब्द ठेवणारा मुलगा इथे मित्राला शत्रू समजेल.

कोणी म्हणेल, आधी शब्द तर पाठ हवेत. हवेतच, पण वाक्यासकट. एका तासाला एकच शब्द घ्या आणि त्याची पाच वाक्ये मुलांकडून बोलून घ्या. याला ना पैसा लागतो, ना संगणक. (बघा, पुन्हा 'लागतो'!)

महाराष्ट्रात २००० साली इंग्रजी पाचवीवरून पहिलीत आणली. इयत्ता बदलली, पण रेघ मारलेली वही तीच राहिली. त्यामुळे जिंतूर-पालमच्या खेड्यातले मूल दहा वर्षे इंग्रजी शिकूनही तोंड उघडत नाही, आणि बाप कर्ज काढून त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो. तिथेही वही तीच असेल तर त्या कर्जाचे काय झाले?

असो. दोष इंग्रजीचा नाही आणि लेकरांचा तर नाहीच. दोष त्या मधल्या रेघेचा आहे. ती आधी पुसा.