संख्येच्या हाकेस बळी पडू नका



आपल्या वस्त्यांतून, विहारांच्या आवारांतून आणि लग्नाच्या पंगतींतूनही सांप्रत एक उपदेश ऐकू येऊ लागला आहे. आपली संख्या घटत चालली आहे, सबब प्रत्येक बौद्ध जोडप्याने तीन-चार मुले तरी जन्मास घालावीत, असा तो उपदेश. उपदेश करणाऱ्यांच्या हाती आकडेही असतात. २००१ ते २०११ या दशकात देशातील बौद्धांची वाढ अवघी ६.१ टक्के झाली आणि एकूण लोकसंख्येतील त्यांचा वाटा ०.८ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बौद्ध स्त्रीमागे सरासरी १.४ अपत्ये आढळली. १९९२-९३ साली हेच प्रमाण २.९ होते. आकडे खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे आणि तो आपल्या मुलींच्या मुळावर येणारा आहे.

देशाची लोकसंख्या त्याच दशकात १७.७ टक्क्यांनी वाढली. एकट्या जननदराने एवढी तफावत उलगडत नाही. खरी गळती पाळण्यात नाही, ती जनगणनेच्या तक्त्यात आहे. दीक्षा घ्यायची, घरात बुद्धमूर्ती ठेवायची, आणि प्रगणक दारी आला की सवलत जाईल या धास्तीने धर्माच्या रकान्यात जुनेच नाव लिहू द्यायचे, ही आपल्यातील कितीएक कुटुंबांची रीत आहे. ही धास्ती एके काळी साधार होती. परंतु १९९० साली अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांस तो हक्क मिळाला, त्यास आता तीन तपे होत आली. तरी भीती जात नाही! येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही ठरली आहे. ज्यांस संख्येची चिंता असेल त्यांनी त्या दिवसांत घरोघर फिरून ‘धर्म : बौद्ध’ एवढे दोन शब्द लिहवून घ्यावेत. सुनेच्या चौथ्या बाळंतपणाची त्यासाठी काहीएक गरज नाही.

पूज्य बाबासाहेबांचे नाव घेऊन जे हा उपदेश करतात, त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र तरी वाचले आहे काय? बाबासाहेब हे स्वतः आपल्या मातापित्यांचे चौदावे अपत्य. चौदांतली किती जगली आणि भीमाबाईंच्या देहाने काय सोसले, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही. त्यांची स्वतःचीही पाच अपत्ये झाली. त्यांतील एकटे यशवंतराव वाचले. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा सनातन्यांनी त्यांस छळले. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटला झाला तेव्हा कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. ज्यांनी तो पाडला त्यांची बोलणी आणि आज आपल्याच माणसांच्या तोंडची बोलणी यांत फारसे अंतर राहिलेले नाही, याची आम्हांस लाज वाटते. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथील महिला परिषदेत हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई न करण्याचा आणि फार मुले होऊ न देण्याचा उपदेश केला. त्या परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे यांनीही हाच विचार मांडला. म्हणजे ही शिकवण नागपूरच्या दीक्षाभूमीहून चौदा वर्षांनी जुनी आहे.

आता आपल्या वाशीमकडे पाहू. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०१८ साली केंद्र सरकारने मागासलेपणाच्या कसोट्या लावून निवडलेल्या जिल्ह्यांत राज्यातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्या जोडीस वाशीमचे नाव आले. येथे दहा माणसांत एकाहून अधिक बौद्ध आहेत. शेती पावसावरची, पीक सोयाबीन-तुरीचे. ज्यांस जमीन आहे त्यांचाही हिशेब मांडून पाहा. आजोबांची सहा एकर. तीन मुलगे, प्रत्येकी दोन एकर. त्यांस पुन्हा तीन-तीन मुलगे, प्रत्येकाच्या वाट्यास सव्वीस गुंठे. सव्वीस गुंठ्यांच्या सोयाबीनवर कोणत्या मुलाचे वसतिगृहाचे पैसे निघतात? बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीधारणेवर जो निबंध लिहिला, त्यातही त्यांनी हेच बजावले होते की, जमिनीचे तुकडे नुसते जोडून रोग जात नाही. जमिनीवर लादलेला माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे. आणि हातात विद्या नसलेला माणूस उद्योगाकडे जातो तो पुण्या-मुंबईस बिगारी म्हणूनच जातो.

शाळेतून पहिली गळते ती थोरली मुलगी. सोंगणीचे दिवस आले, आई-बाप शेतावर गेले, की पाठच्या भावंडांस कडेवर घेऊन घरी कोणी राहायचे? तीच राहते. पंधरा दिवसांची गैरहजेरी, मग गणित समजेनासे होणे, मग नापास होण्याची भीती, मग ‘आता हिचे पाहून टाकू’ ही बैठक. याच पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. अठराच्या आत लग्न झालेली मुलगी विशीपर्यंत दोन लेकरांची आई होते, आणि तिच्या थोरल्या मुलीच्या नशिबी पुन्हा तेच कडेवरचे भावंड येते. सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत मुलास विद्या-कला शिकवणे हे स्पष्ट आहे. किती मुले असावीत हे तेथे सांगितलेले नाही.

येथवर वाचून जे दोन मुलांवर थांबले आहेत ते मनात सुखावले असतील. त्यांस आमचा एक प्रश्न आहे. तुमची ती दोन मुले कोणती? वाशीम जिल्ह्यात २०११ साली सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९०० च्याही खाली होती. निसर्गतः ती ९५० च्या आसपास असावयास हवी. देशातील बौद्धांत हे प्रमाण ९३३ होते. इतरांहून बरे, परंतु निर्दोष नव्हे. कुटुंब लहान झाले आणि ते मुलीस वगळून लहान झाले, तर ती सुधारणा कसली? तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही असे भर मंडपात उच्चारलेत. मग मुलगा हवा कशासाठी? पिंड देणारा नको असेल तर पुत्राचा हट्ट कोणत्या धर्माचा? मुलगी झाली म्हणून कोसलराज पसेनदी खिन्न झाला, तेव्हा कन्या पुत्राहूनही सरस निघू शकते, असे तथागतांनी त्यास सांगितले. मुलगा होईपर्यंत मुली होऊ देणे आणि मुलगी होऊच न देणे ही एकाच जुन्या रोगाची दोन रूपे आहेत. तो रोग आपण दीक्षेच्या वेळी देव्हाऱ्यासह बाहेर टाकावयास हवा होता.

पुरुषांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. देशात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के शस्त्रक्रिया करून घेतात. पुरुषांची शस्त्रक्रिया ०.३ टक्के जोडप्यांत होते. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, थोड्या वेळाची. तरीही बाळंतपणही बाईचे आणि टाकाही बाईलाच! सभेत समतेवर बोलणाऱ्या आमच्या बांधवांनी या आकड्याचे उत्तर द्यावे.

परंतु याचा अर्थ असा मुळीच नव्हे की, गरिबी ही गरिबांच्या मुलांमुळे येते, हा सुखवस्तूंचा सिद्धांत आम्हांस मान्य आहे. १९७६ साली याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते टळले. सक्ती गेली, शिक्षा उरली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते. राखीव जागेवर निवडून आलेल्या भूमिहीन बाईस विचारा, तिसरे मूल हा निर्णय तिचा होता काय? सासूचा आणि नवऱ्याचा निर्णय, आणि खुर्ची जाते तिची. केरळने १९८० च्या दशकाच्या अखेरीसच जननदर दोनपर्यंत आणला तो अशा कायद्याने नव्हे. मुली शाळेत टिकल्या, दवाखाना जवळ आला, जन्मलेले मूल जगेल हा भरवसा वाटला, म्हणून आणला. बौद्ध समाजानेही तेच केले आहे. २०११ साली बौद्ध स्त्रियांत साक्षरता ७४ टक्के होती. देशातील स्त्रियांची सरासरी ६५ टक्क्यांच्या आत होती. १.४ हा आकडा या शिक्षणाचे फळ आहे. तो शोक करण्याजोगा नव्हे.

तेव्हा खरा धोका कोठे आहे? मुले कमी झाली म्हणून शाळा बंद करण्यात आहे. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा मोजल्या गेल्या आणि २०२३ साली त्या जवळच्या मोठ्या शाळांत सामावून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. दोन मुलांवर थांबलेल्या गावास ही बक्षिसी! शाळा तीन-चार किलोमीटर लांब गेली की मुलगा सायकलीने जाईल. मुलीचे जाणे थांबेल, आणि मग पुन्हा लवकर लग्न, पुन्हा लवकर लेकरे. शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या ठेवल्या आहेत. आपल्या गावच्या समितीत त्या जागांवर कोण बसले आहे, ते विचारा. शाळा हलविण्याचा कागद येईल तेव्हा त्या मातांनी ग्रामसभेत उभे राहून विरोधाचा ठराव लिहून घ्यावा आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी.