मशीन हातातच राहू दे

घोरणं हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. त्यातही पुरुषांनी घोरायचं आणि बायकांनी तक्रार करायची, अशी वाटणी ठरलेली. बाई घोरते म्हटलं की सगळे गप्प होतात. आणि घोरता घोरता तिचा श्वास थांबतो, तासाला पंचवीस-तीस वेळा थांबतो, असं सांगितलं तर थेट विषयच बदलतात. तर मंडळी, ती बाई मी. गेली सहा वर्षं रात्री सीपॅप लावून झोपते.

(ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. यात ऑक्सिजन वगैरे काही नसतो. खोलीतलीच हवा दाबाने आत सोडतात, त्यामुळे झोपेत घसा मिटत नाही. १९८० साली कॉलिन सलिव्हन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हा प्रयोग पहिल्यांदा केला, तेव्हा व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. माझा भाचा मला 'गणपती मावशी' म्हणतो.)

घरात हे आता अंगवळणी पडलंय. गंमत सुरू होते ती विमानतळावर.

आपल्याकडची एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. मुला-मुलीकडे अमेरिकेला निघालेले आईवडील व्हीलचेअर मागायला जरासुद्धा लाजत नाहीत. पर्वती चढून येणारे लोक विमानतळावर खुर्चीत बसतात, कारण इमिग्रेशनच्या रांगेत कोणीतरी बरोबर हवं असतं, इंग्रजीची धास्ती असते. माझी काही हरकत नाही. पण याच लोकांकडे एखादं खरोखर गरजेचं यंत्र असेल, तर ते मोठ्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी, दोन साड्यांत गुंडाळून जातं. का? तर "उगाच कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

आमच्या आत्तोबांचं असंच झालं. (लिहायची परवानगी घेतली आहे. वाचून फोन करतीलच.) न्यू जर्सीला पोचले, बॅग पोचली नाही. तिसऱ्या दिवशी आली. दोन रात्री बिचारे आरामखुर्चीत बसून झोपले, आणि आत्या त्यांच्या श्वासावर कान ठेवून जागी. सून म्हणाली, औषधं तर हातातल्या पिशवीत होती ना? होती. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, अगदी हिंगाष्टकसुद्धा. यंत्र तेवढं 'सामान' होतं.

माझा सगळा मुद्दा या एका शब्दाशी आहे. चष्मा सामान नाही. कवळी सामान नाही. मग रोज रात्री ज्याच्या भरवशावर श्वास घ्यायचा, ते सामान कसं? इन्सुलिनचंही तेच. तिथे तर नुसती बॅग हरवण्याची भीती नाही, सामानाच्या कप्प्यात थंडीने ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकून द्यायच्याच लायकीचं असतं.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी देशातल्या देशातच जात होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, एकच केबिन बॅग. ही चेक-इन करा." मी म्हटलं, हे वैद्यकीय उपकरण आहे, हे डॉक्टरांचं पत्र. तिने पत्र पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी चांगली खात्यापित्या घरची दिसते, आजारी दिसत नाही. मग सुपरवायझर आले. त्यांनीही आधी मलाच पाहिलं. शेवटी "या वेळी सोडतो" असं म्हणाले.

या 'सोडतो'चा मला राग आला. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम स्पष्ट आहे : अपंगत्वामुळे लागणारं सहाय्यक साधन केबिन बॅगेच्या हिशोबात धरायचं नाही. सीपॅप त्यात येतो. अमेरिकेला ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या विमानांनाही हा नियम लागू आहे. आपल्या डीजीसीएचेही नियम आहेत, पण त्यांचा रोख अपंग आणि हालचालीला मर्यादा असलेल्या प्रवाशांवर आहे. माझ्यासारखी, पायऱ्या चढून येणारी आणि झोपली की अडचणीत येणारी बाई काउंटरवरच्या माणसाला त्यात कुठेच दिसत नाही. मग उरतं त्याच्या नजरेला काय वाटतं ते. या नजरेचं काय होतं ते २०१२ साली दिसलं आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेला निघाल्या होत्या, त्यांना विमानातून उतरवलं गेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. त्यांना पाहून 'ही प्रवास करू शकणार नाही' असं ठरवलं, मला पाहून 'हिला काही झालेलं नाही' असं. नजर तीच.

बाकी सुरक्षा तपासणीतल्या जवानांबद्दल माझी तक्रार नाही. यंत्र बाहेर काढा म्हणतात, काढते. कापडाची पट्टी फिरवून स्फोटकं तपासतात, तपासू देत. मास्क मात्र मी स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवते, कारण त्या ट्रेमध्ये आधी कोणाचे बूट होते देव जाणे. (आणि पाण्याची टाकी घरीच रिकामी करते. पाणी यंत्रात शिरलं की संपलं.) एकदा एका जवानाने हळूच विचारलं, "ये नींदवाली मशीन है ना? पिताजी के लिए बोला है डॉक्टर ने." मागे रांग खोळंबली होती तरी आम्ही दोन मिनिटं बोललो.

ज्यांना खरोखर ऑक्सिजन लागतो त्यांचं प्रकरण आणखी कठीण. विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. कळसूबाई साधारण ५४०० फूट, यावरून कल्पना करा. निरोगी माणसाला जाणवत नाही, कमकुवत फुफ्फुसांना जाणवतं. घरचं भरलेलं सिलिंडर सहसा केबिनमध्ये घेऊ देत नाहीत, बॅटरीवर चालणारं छोटं कॉन्सन्ट्रेटर चालतं. (२०२१च्या त्या एप्रिल-मेमध्ये हा शब्द आपण सगळेच शिकलो.) पण कंपनी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या मागू शकते. म्हणजे मुंबईहून नेवार्कला सोळा तास धरले तर चोवीस तासांच्या. शिवाय जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच ठेवायच्या, आणि १०० वॅट-अवरच्या वरच्या असतील तर आधी परवानगी घ्यायची. आगीच्या भीतीने केलेले हे नियम मला पटतात. पटत नाही ते एवढंच की हे सगळं प्रवाशाने स्वतः शोधून काढायचं. मी तिकिटं काढते त्या साइटवर जेवणाचे सात प्रकार निवडता येतात, जैन, मधुमेही, बिनमिठाचं सुद्धा. 'बरोबर वैद्यकीय उपकरण आहे' असं सांगायला एक चौकोन नाही.

आत्तोबा नोव्हेंबरमध्ये पुन्हा निघालेत. व्हीलचेअर सांगून झाली आहे. यंत्राचं विचारलं तर म्हणाले, "बघू. हातात धरलं तर लोक बघतात गं."