शहरीकरणाचा आकडा आणि कंग्राळीच्या बायका



‘शहरीकरण वाढले, म्हणजे विकास झाला’ हा गेल्या रविवारच्या पत्रातला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. 2001 ते 2011 या काळात देशातली शहरी लोकसंख्या 27.8 वरून 31.2 टक्क्यांवर गेली, हे खरे. पण त्याच दहा वर्षांत ‘जनगणना शहरे’, म्हणजे जनगणनेने शहर म्हणून मोजलेली गावे, 1362 वरून 3894 झाली, हे पत्रलेखकांनी सांगितलेच नाही. बेळगावजवळचे आमचे कंग्राळी बुद्रुकही जनगणनेच्या दप्तरी असेच शहर आहे. कारभार ग्रामपंचायतीचाच.

हा शिक्का बसतो कसा? लोकसंख्या किमान 5000, घनता चौरस किलोमीटरला 400 आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर. बायकांची मोजदाद या तिसऱ्या निकषात नाहीच! इकडच्या गावांतला घरातला पुरुष बेळगावात फौंड्रीत नाहीतर दुकानात कामाला जातो आणि शेत बाईच्या अंगावर पडते. आषाढात डोक्यावर खोळ घेऊन, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी तीच करते. भाजीची बुट्टी घेऊन पहाटे बाजार गाठते तीही तीच. तिचे राबणे वगळून गाव शहर ठरवायचे आणि त्यालाच प्रगती म्हणायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

2027 च्या जनगणनेत हा तिसरा निकष स्त्री-पुरुष दोघांनाही लावावा. आणि जिथे शहर म्हणून नोंद होईल, तिथे गटार, नळपाणी, दवाखाना यांसाठी निधीही शहराच्या मानानेच मिळावा.

– एक वाचक, कंग्राळी बुद्रुक