झांकतां न येणारा धूर

चुलीच्या काळीं शेजारच्या घरीं काय चाललें आहे, हें कळण्यास दार ठोठवावें लागत नसे. कौलांतून धूर निघाला कीं चूल पेटली; धूर दाट असला कीं लांकडें ओलीं; आणि गोवऱ्यांचा धूर तर डोळे मिटूनहि ओळखतां येई. पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचें अनुमान करण्यास न्यायशास्त्रांत आम्हांस शिकविलें. आमच्या मातोश्री तें परसांत उभ्या राहून रोजच करीत असत! परंतु त्याच शास्त्रांत एक इशारा आहे. धूर तेथें अग्नि खरा. पण अग्नि तेथें धूर असेलच असें नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो.

आज ज्या अग्नीविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यास मात्र ही पळवाट नाहीं. तो अग्नि अणुभट्टींतला. युरेनियमचा अणु फुटला कीं उष्णता निघते, आणि फुटलेले तुकडे स्थिर होतां होतां सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो बाहेर टाकतात. ह्या कणांस विद्युद्भार नाहीं, वस्तुमान नगण्य. काँक्रीट, शिसें, फार काय सगळी पृथ्वी भेदून ते निघून जातात. त्यांस कोंडून ठेवील अशी भिंत मनुष्यास बांधतां येत नाहीं.

जो कण कशानेंच अडत नाहीं, तो मोजावा कसा? पौली ह्या शास्त्रज्ञानें १९३० सालीं न्यूट्रिनोची कल्पना मांडली. प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास १९५६ साल उजाडलें. अमेरिकेंत सॅव्हाना रिव्हर येथील भट्टीजवळ राइन्स व कॉवन ह्यांनीं तो मिळविला. अब्जावधि कणांपैकीं एखादा प्रोटॉनवर आदळतो. त्यांतून एक पॉझिट्रॉन व एक न्यूट्रॉन निघतो. पॉझिट्रॉन तत्काळ चमक देतो, न्यूट्रॉन किंचित् भटकून शोषला जातो तेव्हां दुसरी चमक होते. गॅडोलिनियम मिसळलेल्या द्रवांत हें अंतर सेकंदाच्या सुमारें तीस दशलक्षांश भागांचें असतें. ही जोडचमक हीच त्या पाहुण्याची खूण.

आतां ह्या मोजदादीची गरज कोणास, तें सांगूं. अणुभट्टींत युरेनियम जळतां जळतां प्लुटोनियम तयार होतें, आणि तें अणुबाँबच्या कामीं येतें. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आठ किलो प्लुटोनियम म्हणजे धोक्याचें प्रमाण मानते. तिचे निरीक्षक मोहोरा लावतात, कॅमेरे बसवितात, इंधनाचे हिशेब ताडून पाहतात. तथापि भट्टी किती चालली, ह्याबाबत मालकाच्या वहीवर बराच भरंवसा ठेवावा लागतो.

वहीवरचा भरंवसा कोठवर पुरतो, हें उत्तर कोरियांत दिसून आलें. योंगब्यॉन येथील लहान भट्टी १९८९ सालीं कांहीं काळ बंद होती. त्या वेळीं मोजकेच खराब दांडे काढले, असें त्या सरकारचें म्हणणें. १९९२ सालीं निरीक्षक गेले, तेव्हां प्लुटोनियमचा हिशेब जमेना. जळालेले दांडे तपासून खरें काय तें कळलें असतें. पण १९९४ सालीं सुमारें आठ हजार दांडे निरीक्षकांस हवी तशी तपासणी करूं न देतां बाहेर काढण्यांत आले, आणि भट्टीचा पूर्वेतिहास पुसला गेला. त्या वेळीं भट्टीजवळ प्रतिन्यूट्रिनो मोजणारें यंत्र असतें, तर आंतलें इंधन जुनें कीं नवें ह्याचा अंदाज एकाहि दांड्यास हात न लावतां करतां आला असता, असें पुढें शास्त्रज्ञांनीं गणितानें दाखविलें.

गोवरीचा धूर लांकडाच्या धुराहून निराळा, तसाच हा प्रकार. युरेनियमच्या विखंडनामागें ह्या यंत्रास जितके कण सांपडतात, त्याहून प्लुटोनियमच्या विखंडनामागें पुष्कळच कमी सांपडतात; प्रमाण सुमारें दीडास एक. म्हणून भट्टीची शक्ति कायम असतांहि, प्लुटोनियम सांचत जाईल तसा आंकडा उतरतो. युक्रेनमधील रोव्हनो येथें सोव्हिएट शास्त्रज्ञांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही पद्धति आजमाविली. पुढें कॅलिफोर्नियांतील सॅन ओनोफ्रे केंद्रांत, भट्टीपासून सुमारें २५ मीटरांवर, एका टनाहूनहि लहान यंत्र बसविलें गेलें. भट्टी बंद पडली कीं तें कांहीं तासांत सांगे, आणि इंधनाच्या एका फेरींत आंकडा हळूहळू उतरतांना त्यानें दाखविला.

पण धुराची मर्यादाहि सांगितली पाहिजे. अंतर दुप्पट झालें कीं मोजणी चौथाईवर येते; म्हणून दूरची लपविलेली भट्टी शोधण्यास प्रचंड यंत्र लागेल. अंतराळांतून येणारे किरण खोट्या चमका देतात. त्यांपासून बचावासाठीं यंत्र जमिनीखालीं ठेवीत. ओक रिज येथें २०१८ सालीं तें जमिनीवरच चालवून दाखविण्यांत आलें. शिवाय चुलींतून काढलेलें लांकूड कोठें गेलें, हें धूर सांगत नाहीं. संस्थेच्या नित्याच्या तपासणींत हें यंत्र अद्याप आलेलें नाहीं.

आपल्या मुंबईजवळ ट्राँबे येथें भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं ‘ध्रुव’ भट्टीपाशीं प्लास्टिकच्या दांड्यांचें असेंच यंत्र उभारण्याचें काम हातीं घेतलें. ह्याच ट्राँबेंतील, कॅनडानें शांततेच्या कार्यासाठीं दिलेल्या भट्टीचें प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण-स्फोटांत वापरलें गेलें आणि कॅनडानें सहकार्य थांबविलें, हेंहि विसरूं नये. कांहींनीं शस्त्रें बाळगावीं आणि इतरांनीं तपासणी द्यावी, हा भेद अमान्य म्हणून आपण १९६८ च्या करारावर सही केली नाहीं. ती तक्रार खरी आहे. पण शेजाऱ्याच्या मनांतील शंकाहि खरी असते.

आम्ही शिक्षक असतांना वर्गांत गैरहजर मित्राच्या नांवानें ‘हजर’ म्हणणारे महाभाग असत. तेव्हां आम्ही आवाज सोडून डोकीं मोजूं लागलों. एक सरळ मुलगा दुखावून म्हणाला, “गुरुजी, माझ्यावरहि अविश्वास?” आम्ही म्हटलें, “बाळ, तूं खरा आहेस ह्याला उद्यां साक्ष लागली तर ती असावी, म्हणून मोजतों.” त्याचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. त्याच वर्गांत आमचा स्वतःचा मुलगा बसत असे. दुसऱ्या दिवशीं आम्ही मोजणीस त्याच्यापासून आरंभ केला, तेव्हां मात्र तो मुलगा हंसला.